‘काही सापडले नाही’ : मदतीचा सर्व्हर आणि बायकांचे शब्द

(शहागंज येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



बैठकीच्या पत्रिकेत माझा विषय ‘ऑनलाइन मदतीसाठी सर्व्हरची उभारणी आणि शोध-अहवाल’ असा छापला आहे. तो वाचून दोघीतिघींनी मला सकाळीच सांगून टाकलं, की तेवढ्या वेळात आम्ही खाली जाऊन बाजार करून येतो. शहागंजात बैठक ठेवली की ही पंचाईत असतेच. पण थोडा वेळ बसा. सर्व्हर, सॉफ्टवेअर हे शब्द बाजूला ठेवले तर विषय आपला जुनाच आहे. बाई मदत मागायला येते तेव्हा कोणते शब्द वापरते, आणि त्या शब्दांचं पुढे आपण काय करतो?

सल्ला केंद्रात हा प्रश्न जाणवत नाही, कारण समोर माणूस बसलेलं असतं. बाई म्हणते, “ताई, तो मला नांदवत नाही.” आपण मान डोलावतो आणि अर्जात लिहितो, ‘पतीने वैवाहिक संबंध नाकारून अर्जदारास माहेरी सोडले.’ हे भाषांतर आपण इतक्या सवयीनं करतो, की आपण भाषांतर करतोय हेही लक्षात येत नाही. रात्री अकरा वाजता घर झोपल्यावर हीच बाई फोनवर ‘नवरा नांदवत नाही’ असं लिहून शोधते, तेव्हा मध्ये आपण नसतो. एक यंत्र असतं. त्याला जेवढं शिकवलं तेवढंच कळतं, आणि न कळलं तर ते पडद्यावर तीन शब्द लिहून मोकळं होतं: काही सापडले नाही.

सर्व्हर म्हणजे काय ते आधी उरकून घेऊ. सतत चालू असलेला एक संगणक. त्यावर आपली मदतीची पानं ठेवलेली असतात. बाई फोनवरून पत्ता टाकते, सर्व्हर पान पाठवतो. एक जुना पण धडधाकट डेस्कटॉप, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली, पानं पाठवणारा एक प्रोग्रॅम, शब्द शोधून देणारा दुसरा आणि नोंदी ठेवणारा तिसरा, एवढ्यावर काम सुरू होतं. चाचणीपुरतं हे ऑफिसात कपाटाशेजारी ठेवता येतं. खऱ्या वापरासाठी भाड्याच्या सर्व्हरवर न्यावं लागतं, कारण यूपीएस अर्धा तास तग धरतो आणि जाणारी वीज त्याहून चिवट असते.

अशी मदत मोठमोठ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवतात. अ‍ॅडोबी कंपनीचं रोबोहेल्प सर्व्हर नावाचं सॉफ्टवेअर याच कामाचं आहे. मदतीची पानं त्यावर ठेवायची, आणि लोकांनी काय शोधलं, कशासाठी शोधलं तरी काही मिळालं नाही, याचे अहवाल त्यातून काढायचे. माटोमो नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, २०१८ पर्यंत ते पिविक या नावानं ओळखलं जायचं. ते आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं आणि तेही असे अहवाल देतं. कंपन्यांना हे हवं असतं ते गिऱ्हाइकांचे फोन कमी व्हावेत म्हणून. आपलं उलटं आहे. आपल्याला फोन वाजायला हवा आहे.

या अहवालांत बरंच काही येतं. किती पानं उघडली, कोणतं पान जास्त पाहिलं, कोणत्या तासाला गर्दी होती. ते सगळं एकदा चाळा आणि ठेवून द्या. एकच तक्ता नीट वाचायचा, तो म्हणजे ज्या शोधांना उत्तर मिळालं नाही त्यांचा. तो तक्ता म्हणजे आपल्या दारापर्यंत येऊन परत गेलेल्या बायकांची नोंदवही आहे. केंद्रात आलेल्या बाईची नोंद आपण करतो, जिन्यावरून परत फिरलेलीची नोंद आजवर कुणी केलेली नाही.

आता शब्दांकडे येते. चाचणीसाठी आम्ही साधा मार्ग धरला. केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी रोज कानावर पडणारी वाक्यं, नावगाव काहीही न घेता, जशीच्या तशी शोधाच्या चौकटीत टाकायची आणि काय होतं ते बघायचं. कायद्याच्या माहितीपुस्तिका, मग त्या सरकारी असोत की संस्थांच्या, ‘घटस्फोट’, ‘निर्वाह खर्च’, ‘कौटुंबिक हिंसाचार’, ‘अपत्याचा ताबा’ असं बोलतात. बायका काय बोलतात? काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी. पोटगी, आणि कित्येक गावांत खावटी. हिंसाचार तर कुणीच म्हणत नाही. ‘मारहाण’ हाही तसा पोलीस ठाण्यातला शब्द. ‘मारतो’, ‘पिऊन मारतो’, ‘लई त्रास आहे’, ‘घराबाहेर काढलं’ असं त्या म्हणतात.

‘खावटी’ टाकलं की यंत्र आदिवासी विकास खात्याची खावटी योजना पुढे आणून ठेवतं. ती योजना खरी आहे, चुकीचं काही नाही. पण पोटगीची केस टाकायला निघालेल्या बाईला तिचा काय उपयोग?

‘परित्यक्ता’ हा शब्द घ्या. १९८८ साली संगमनेरला या बायकांच्या प्रश्नावर मेळावा झाला आणि तिथून चळवळ उभी राहिली. निशा शिवूरकरांनी पुढे त्या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव आहे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’. टाकलेल्या. बाई स्वतःबद्दल बोलताना ‘मी परित्यक्ता आहे’ म्हणत नाही. ‘मला टाकलंय’ म्हणते. पुस्तकाच्या नावात तो शब्द आला, मदतीच्या पानावरही तोच यायला हवा. ‘परित्यक्ता’ खाली कंसात राहू द्या, सरकारी अर्जात तो लागतो.

आता एक गंमत सांगते, खरं तर गंमत नाही. शोधयंत्रं बसवताना त्यांना टाकाऊ शब्दांची एक यादी देतात. ‘आणि’, ‘आहे’, ‘तो’, ‘मी’ असे शब्द सगळ्याच पानांवर असतात, ते शोधात धरले तर सगळीच पानं येतील, म्हणून ते गाळायचे. विचार ठीक आहे. पण या यादीत बहुतेक वेळा ‘नाही’ सुद्धा असतं. आता बायकांचे प्रश्न आठवा. नांदवत नाही. पैसे देत नाही. मुलांना भेटू देत नाही. पोलीस तक्रार घेत नाहीत. नाव रेशनकार्डात नाही. ‘नाही’ काढून टाकलं की ‘नांदवत नाही’चं ‘नांदवत’ होतं आणि ‘पोलीस तक्रार घेत नाही’चं ‘पोलीस तक्रार घेत’. यंत्र तिला तक्रार कशी नोंदवावी याचं पान दाखवतं. ती तर ठाण्यात दोन तास बसून परत आलेली असते!

म्हणून पहिलं काम म्हणजे टाकाऊ यादीतून ‘नाही’ बाहेर काढा, ‘नको’ आणि ‘नाय’ही काढा. हे काम एका ओळीचं आहे, पण कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं ते केंद्रात बसणारी बाईच सांगू शकते. दुसरं काम, ‘पोलीस तक्रार घेत नाहीत’ याच नावाचं पान करा. त्यावर लिहायचं ते असं: गुन्हा कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हद्दीचा प्रश्न नंतरचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं सांगतं. नोंदवायला नकार दिला तर त्याच कलमानुसार वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी, पोस्टाने कळवता येतं, आणि तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पाच-सहा ओळी पुरतात, पण त्या त्या बाईच्या वाक्याखाली हव्यात.

मराठीची स्वतःचीही काही अडचण आहे. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही. आपल्याकडे ‘नवरा’ म्हणून शोधलं आणि पानावर ‘नवऱ्याने’, ‘नवऱ्याला’, ‘नवऱ्याकडून’ असं असेल, तर यंत्राला ते वेगळेच शब्द वाटतात. लूसीन नावाचं जे शोधाचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं, त्यात हिंदी-बंगालीचे प्रत्यय काढायची तयार सोय आहे. मराठीसाठी ती आपणच करून घ्यायची. ने, ला, ची, साठी, कडून, मुळे हे प्रत्यय काढून मूळ रूप धरायचं, आणि ‘नवऱ्या’ म्हणजे ‘नवरा’ हे वेगळं शिकवायचं. त्यातही एक खोच आहे. ‘नवऱ्या’मधला तो अर्धचंद्रासारखा र संगणकात दोन पद्धतींनी साठवला जातो. दिसायला तंतोतंत सारखा, आतून वेगळा. एका फोनवरून लिहिलेलं ‘नवऱ्याने’ सापडतं, दुसऱ्या फोनवरून लिहिलेलं सापडत नाही. डोळ्यांना हा फरक कधीच दिसणार नाही. अहवालात मात्र तोच शब्द दोनदा, दोन वेगवेगळ्या ओळींत आलेला दिसतो, आणि तिथेच तो पकडता येतो.

जुन्या पत्रकांचंही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आपण सगळ्यांनी जी पत्रकं, पुस्तिका संगणकावर केल्या त्या तेव्हाच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट असला तरच ते मराठी दिसतं. आत संगणकाने इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच ठेवलेली असतात. ती फाइल जशीच्या तशी सर्व्हरवर टाकली तर कितीही शोधा, ‘पोटगी’ सापडणार नाही. ते सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं, आणि बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातून जोडाक्षरं फुटतात म्हणून एकीने बसून वाचावंही लागतं. कंटाळवाणं काम आहे. दुपारच्या दोन-दोन तासांत वाटून घ्या.

शहागंजातच बसलोय, तर इथल्या बोलीचं बोलू. या घड्याळाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत एकाच दुकानात मराठी, दखनी उर्दू, हिंदी, मारवाडी सगळं चालतं. इथली बाई मदत शोधेल तेव्हा ‘खुला’ लिहील. खुला म्हणजे बायकोने मागितलेला तलाक. मराठीच्या शोधयंत्राला ‘खुला’ म्हणजे खुला प्रवर्ग, खुलं अधिवेशन, खुली जागा. ‘मेहर’ची कथा याहून वरची. लिहिण्यातल्या लहान चुका माफ कर, असं यंत्राला सांगता येतं. एकदोन खुणांचा फरक असेल तर जवळचा शब्द धरायचा. सोय चांगली आहे, ‘पोटगि’ लिहिलं तरी ‘पोटगी’ सापडते. पण आमच्या चाचणीत या सोयीनं ‘मेहर’ऐवजी ‘माहेर’ची पानं आणली, आणि ‘तलाक’ला थेट ‘तलाव’! हसू नका. ज्या बाईला तीन शब्दांत घराबाहेर काढलं आहे तिला पाणीसाठ्याचं पान दिसतं.

उपाय साधा आहे. एक जोडशब्दांची वही. तलाक, खुला, मेहर, इद्दत, नफका हे शब्द जसेच्या तसे धरायचे, त्यांना चूक समजायचं नाही, आणि त्यांच्यासमोर नेमकी पानं लिहायची. ती पानं आज काय सांगतात तेही बघा, कारण यात गेल्या चाळीस वर्षांत बरंच घडलं. १९८५ चा शाहबानोचा निकाल, १९८६ चा कायदा, त्या कायद्याचा बाईच्या बाजूनं अर्थ लावणारा २००१ चा दानियल लतिफी निकाल, एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवणारा २०१७ चा शायराबानोचा निकाल आणि मग २०१९ चा कायदा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं, की तलाकशुदा मुस्लिम बाईलाही फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. आणि बायकोला स्वतः सुटायचं असेल तर न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याचा कायदा १९३९ पासून आहे. ‘नफका’ लिहिणाऱ्या बाईला हे सगळं एका पानावर, तिच्या बोलीत मिळालं पाहिजे. पान उर्दू लिपीतही हवं, ते पुढच्या टप्प्यात घेऊ.

आता आकड्यांचे शब्द. बायका आणि वकीलसुद्धा ‘चारशे अठ्ठ्याण्णवची केस’, ‘एकशे पंचवीसचा दावा’ असं बोलतात. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली. १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. पण आधीपासून चालू असलेल्या खटल्यांच्या कागदांवर जुनेच आकडे आहेत आणि लोकांच्या तोंडून ते पुढची वीस वर्षं जाणार नाहीत. म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना बांधून ठेवायचे. अंकांत लिहिलं, अक्षरांत लिहिलं, मराठी आकड्यात लिहिलं, रोमन लिपीत लिहिलं, सगळं एकाच पानावर यायला हवं. तसंच गावाच्या नावाचं. सरकारी कागदावर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, बोलण्यात कुणाच्या संभाजीनगर, कुणाच्या औरंगाबाद. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता शोधणाऱ्या बाईनं कोणतं नाव लिहिलं यावर तिला पत्ता मिळणं न मिळणं ठरू नये.

‘नांदायला ये अशी नोटीस आली’ हा शोधही असाच. पुस्तिकेत त्याचं नाव ‘वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९’. बाईच्या मनात एकच धास्ती असते: पोलीस येऊन मला सासरी नेतील का? रखमाबाईंना मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग’ असं सांगितलं होतं, ती भीती अजून घराघरांत रेंगाळते आहे. आज कुणी उचलून नेत नाही, तुरुंगातही टाकत नाही. पण नोटिशीला उत्तर मात्र द्यावंच लागतं, नाहीतर निकाल एकतर्फी लागतो. पानाची पहिली ओळ याच भीतीला उत्तर देणारी हवी, कलम खाली.

अजून एक गोष्ट अहवालाशिवाय कळली नसती. पुष्कळदा लिहिणारी बाई नसतेच, तिची मुलगी असते. शाळेत जाणारी, आईपेक्षा फोन सराईतपणे हाताळणारी. मग शोधाचा शब्द ‘नवरा मारतो’ असा नसतो, ‘पप्पा मम्मीला मारतात काय करायचं’ असा असतो. आपल्या पानांवर ‘पती’ आणि ‘अर्जदार’ भरलेले, ‘पप्पा’ कुठेच नाहीत. त्या मुलीला कलम वाचायचं नसतं. आत्ता काय करू, कुणाला फोन लावू, आईला कुठे नेऊ, एवढंच हवं असतं. तिच्यासाठी वेगळं पान हवं. सोपं, मोठ्या अक्षरात, वर ११२ आणि १८१ हे दोन आकडे. मुलांसाठीचा १०९८ सुद्धा.

इथवर अहवालाचं कौतुक झालं. आता त्याचा धोका, आणि या भागात कृपा करून कुणी बाजाराला जाऊ नका.

जो सर्व्हर ‘काय शोधलं’ हे लिहून ठेवतो, तो ‘कुठून शोधलं, किती वाजता शोधलं’ हेही लिहून ठेवतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, ती त्याची मूळ सवय असते. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एओएल कंपनीनं संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून साडेसहा लाख वापरणाऱ्यांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावं काढली होती, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. काही दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकामागची बाई शोधून काढली आणि तिचं दार वाजवलं. कशावरून? तिच्या शोधांवरून. गावाचं नाव, आडनाव, दुखणीखुपणी, कुत्रा. नाव काढलं म्हणजे माणूस लपलं असं नाही. आपल्याकडे तर गाव लहान, आणि ‘अमुक गाव शिक्षक नवरा दुसरं लग्न’ एवढं लिहिलं की पूर्ण तालुक्याला कळतं कोण ते.

म्हणून आपला नियम एकाच वाक्याचा ठेवला: काय विचारलं ते ठेवायचं, कोणी विचारलं ते ठेवायचं नाही. नियम सोपा वाटतो, पाळायला किचकट आहे. शोधाची चौकट दोन पद्धतींनी बनवता येते. एका पद्धतीत बाईनं लिहिलेला शब्द पानाच्या पत्त्यालाच, प्रश्नचिन्हाच्या पुढे चिकटतो. मग तो पत्ता सर्व्हरच्या रोजच्या नोंदीत जातो, तिच्या फोनच्या इतिहासात जातो, आणि आपल्या पानावरून ती दुसऱ्या साइटवर गेली तर कधीकधी तिकडेही सोबत जातो. दुसऱ्या पद्धतीत, तिला पोस्ट म्हणतात, शब्द पाकिटात घातल्यासारखा आतून जातो आणि पत्त्यावर उमटत नाही. जो कोणी सर्व्हर बसवून देईल त्याला पहिला प्रश्न हाच विचारा. तो म्हणेल, मॅडम काही फरक पडत नाही. त्याला पडत नाही.

सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, की सेवा देणाऱ्यांनी आणि सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या केंद्रांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात. भाड्यानं सर्व्हर घेतला की या नोंदी आपल्या हाताबाहेर असतात. आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्या नोंदींत बाईचा शब्द पोचूच द्यायचा नाही. पाकिटाची पद्धत म्हणून महत्त्वाची. फुकट मिळतात म्हणून बाहेरच्या कंपन्यांची मोजणीयंत्रंही पानावर लावू नका. पानागणिक ती तिकडे खबर देत असतात. बोलून शोधायचं बटण ठेवावं का यावर आमच्यात बराच वाद झाला. लिहिता न येणारीला त्याचा आधार आहे हे खरंच. पण फोनवरचं ते बोलणं बरेचदा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन अक्षरात येतं. तूर्त ठेवलेलं नाही. त्याऐवजी पानाच्या वर केंद्राचा फोन मोठा दिला आहे.

आणि फोन बहुतेक वेळा तिचा नसतोच. घरात एक चांगला फोन, तो नवऱ्याचा किंवा दिराचा. तिनं शोधलेलं दुसऱ्या दिवशी पहिलं अक्षर टाकताच पुढे येतं. म्हणून प्रत्येक पानावर ‘लगेच बाहेर’ असं बटण आहे. दाबलं की हवामानाचं पान उघडतं. त्याखाली एक ओळ आहे, की हे बटण इतिहास पुसत नाही, तो असा असा पुसायचा. ही ओळ लिहिल्याशिवाय बटण ठेवू नका, नाहीतर तिला खोटी हमी दिल्यासारखं होतं.

अहवाल कसा वाचायचा? महिन्यातून एकदा, दोघींनी मिळून. त्यातली एक केंद्रात बसणारी हवीच, दोघीही संगणकवाल्या नकोत. पाचपेक्षा कमी वेळा आलेला शोध छापील अहवालात येत नाही, कारण एकटा शोध म्हणजे एकटी बाई असू शकते. यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: सगळ्यात महत्त्वाचा शब्द एकदाच येतो. ‘विष किती घेतलं की’ असा शोध पाच वेळा येण्याची वाट बघायची का? नाही. म्हणून कच्ची यादी त्या दोघी आठवड्याला पडद्यावरच वाचतात, कागदावर काढत नाहीत, आणि आठव्या दिवशी ती पुसली जाते. असल्या शब्दांसाठी यंत्रानं अहवालाचीही वाट बघायची नाही, आत्महत्येचा विचार दिसला की लगेच टेलि-मानसचा १४४१६ हा आकडा आणि ११२ वर आणायचा, एवढं आधीच बसवून ठेवायचं.

‘काही सापडले नाही’ हे पान तर सगळ्यात आधी बदला. सर्व्हर बसवला की ते आपोआप मिळतं, कुणी त्याकडे बघत नाही. पण जिला कुठेच काही मिळालं नाही ती नेमकी त्याच पानावर उभी असते. आमच्या पानावर आता असं आहे: ‘तुमच्या शब्दांचं पान अजून आमच्याकडे नाही. वेगळ्या शब्दांत लिहून बघा, किंवा फोन करा.’ खाली केंद्राच्या वेळा, १८१, आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१००.

निधी देणाऱ्यांबद्दल एक वाक्य बोलते आणि पुढे जाते. त्यांना हा अहवाल दाखवाल तर ते विचारतील, किती जणींनी पाहिलं? आकडा द्या, पण त्याला मदतीचा आकडा म्हणू नका. एकच बाई घाबरून तेच पान दहा वेळा उघडते, तेव्हा दहाचा आकडा पडतो.

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं, एवढं शब्द-शब्द वेचण्यापेक्षा हल्ली जी उत्तरं देणारी यंत्रं निघाली आहेत त्यांनाच का विचारू नये, ती तर मराठीही बोलतात. बोलतात, आणि गोड बोलतात. पण रद्द झालेलं कलम आणि चालू कलम ती सारख्याच आत्मविश्वासानं सांगू शकतात, आणि त्यांना विचारलेलं दुसऱ्याच्या घरी जाऊन पडतं. बाईनं त्या उत्तरावर विसंबून तारीख चुकवली तर जबाबदार कोण? आपल्या पानाखाली आपलं नाव आहे, ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख आहे. सध्या मला एवढं पुरतं.

आता काम. प्रत्येकीच्या हातात एक कोरी चिठ्ठी दिली आहे. पैठण, गंगापूर, वैजापूर, सिल्लोड, कन्नड, जिथून जी आली असेल तिनं आपल्या भागात बायका पुढच्या सहा गोष्टींना काय म्हणतात ते लिहायचं: नवऱ्यापासून सुटणं, नवऱ्यानं सोडणं, दरमहा मिळणारे पैसे, मूल आपल्याकडे ठेवणं, घरातून काढणं आणि दुसरं लग्न. शुद्धलेखन बघू नका, बोलतात तसंच लिहा. एकीपेक्षा जास्त शब्द असतील तर सगळे लिहा, उर्दू असेल तर उर्दूत लिहा, वाचणाऱ्या आहेत. चहा येईपर्यंत चिठ्ठ्या या डब्यात टाका. तालुक्याचं नाव वर लिहा, स्वतःचं लिहू नका.